नाट्यसंस्थेची नोंदणी : न्यास की कंपनी?

नाटकाचे प्रयोग करू पाहणाऱ्या कोल्हापुरातील हौशी मंडळींपुढे ना-नफा संस्था काढताना दोन वाटा असतात. पहिली रुळलेली आहे : किमान 7 सभासद जमवून 1860 च्या कायद्याखाली संस्था नोंदवायची आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही तिची नोंद करायची. खर्च कमी, पण खरी कसोटी पुढे लागते. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद करून घेण्याचा अर्ज) द्यावा लागतो. तो राहून गेला आणि मंडळात दोन तट पडले, तर नोंदवहीत जुनीच नावे राहतात व बँकेत सह्यांवरून व्यवहार अडतात. कोल्हापुरी तालमीत वाढलेल्यांना तट कसे पडतात, हे वेगळे सांगायला नको.

दुसरी वाट 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 8 ची, म्हणजे ना-नफा कंपनीची. खासगी स्वरूपाच्या अशा कंपनीस दोन सभासद व दोन संचालक पुरतात, नोंदी ऑनलाइन दिसतात. मात्र वर्षभरात एकही प्रयोग झाला नाही तरी लेखापरीक्षण आणि वार्षिक विवरणपत्रे चुकत नाहीत. देणगीदारांना करसवलत मिळवून देणारी नोंदणी दोन्हींना स्वतंत्रपणे घ्यावी लागते. वर्षाला एखादेच नाटक बसवणाऱ्या मंडळाने, माझ्या मते, कंपनीच्या फंदात पडू नये.