जुन्या पल्सरची घरी बांधलेली स्क्रॅम्बलर : तिन्ही ऋतूंतील वापरानंतरचा अनुभव

2002 सालची, गोल हेडलाइटची पल्सर 150 मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पूर्ण खोलली आणि स्क्रॅम्बलर धर्तीवर, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालवता येईल अशा बाजाची, पुन्हा जोडली. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ती रस्त्यावर आली आणि तेव्हापासून कोथरूड ते हिंजवडी ही माझी रोजची ये-जा तिच्यावरच चालू आहे. अशा गाड्यांविषयी जे वाचायला मिळते ते बहुतेक वेळा गाडी नुकतीच तयार झालेली असताना लिहिलेले असते. म्हणून पावसाळा, थंडी आणि आता हा उन्हाळा पाहून झाल्यावर काय टिकले, काय खटकते आणि कोणता खर्च खरोखर कामी आला, हे सविस्तर लिहीत आहे.

पल्सर नोव्हेंबर 2001 मध्ये बाजारात आली आणि 2003 मध्ये तिला दोन स्पार्क प्लगचे डीटीएस-आय इंजिन मिळाले. माझी गाडी त्याच्या आधीची, एकाच प्लगची आहे : 143.9 सीसी, सुमारे 12 अश्वशक्ती, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. तिची निवड करण्यामागे जुन्या आठवणींपेक्षा व्यवहार अधिक होता. या पिढीची चाके 18 इंची आहेत (नंतरच्या पल्सरला 17 इंची चाके आली), त्यामुळे दुहेरी वापराचे (डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांचे) टायर सहज मिळतात. किक आहे, कार्ब्युरेटर आहे, संगणकावर अवलंबून असलेले काहीच नाही. शिवाय बजाज कंपनी आकुर्डीची असल्याने या इंजिनावर हात बसलेला कारागीर पुण्यात जवळपास प्रत्येक पेठेत आहे, आणि नाना पेठेत दोन-तीन दुकाने फिरण्याची तयारी असेल तर बहुतेक सुटे भाग आजही मिळतात.

काम सुरू करण्याआधी मी एक मर्यादा ठरवून घेतली : फ्रेमला कटर लावायचा नाही, वेल्डिंग करायचे नाही, आणि जे बदलायचे ते पाना-स्क्रूड्रायव्हरने परत जागेवर येईल असेच बदलायचे. यामागे कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे 5,000 रुपयांच्या दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. म्हणून इंजिन मूळचे, फ्रेम मूळची, सायलेन्सर मूळचा, सीट दोघांची आणि रंगही प्रमाणपत्रात लिहिलेला काळाच ठेवला. एवढी बंधने पाळून गाडी वेगळी काय दिसणार, असे मला अनेकांनी विचारले. रुंद हँडल, सपाट सीट, ठोकळेदार टायर आणि उंच घेतलेला पुढचा मडगार्ड एवढ्यानेच तिचा सगळा बाज बदलला आहे, आणि फ्रेमची शेपटी कापलेल्या गाड्यांमध्ये मागच्या माणसाचा भार सीटच्या ज्या नळ्यांवर येतो त्याच नळ्या लहान केलेल्या असतात, हे पाहिल्यावर मला तो मोह राहिला नाही.

सर्वांत जास्त वेळ वायरिंगने घेतला आणि आज सर्वांत जास्त समाधानही तेच देते. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सांगितले होते, “साहेब, नवा हार्नेस आणा, दोन तासांत बसवून देतो.” हार्नेस म्हणजे वायरींचा तयार जुडगा. सल्ला चुकीचा नव्हता, पण मला हेडलाइटचाच प्रश्न सोडवायचा होता. माझ्या गाडीचा दिवा थेट मॅग्नेटच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर चालत असे. त्यामुळे गाडी सिग्नलला उभी राहिली की उजेड पिवळा होऊन मंदावायचा. त्यावर उपाय असा, की लायटिंग कॉइलचे जे टोक मॅग्नेट प्लेटवर अर्थ केलेले असते ते सोडवायचे, त्याला नवी वायर डाखायची, दोन्ही टोके फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायरला (एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणाऱ्या भागाला) द्यायची आणि दिव्यासह सगळा भार बॅटरीवर घ्यायचा. हे काम छोटे दिसते, पण डाख तेलात आणि उष्णतेत राहणार असल्यामुळे तांब्याची तार घासून स्वच्छ करणे, जोडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवणे आणि वायर फिरत्या मॅग्नेटला लागणार नाही अशी बांधणे, यात एक अख्खी दुपार गेली. आता इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.6 व्होल्ट आणि थोडे रेझ केल्यावर 14.2 च्या आसपास दिसतात. 35 वॅटचा साधा हॅलोजन बल्बच ठेवला आहे, कारण या जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला की उजेड पसरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. टाकीखालच्या मुख्य अर्थचा बोल्ट घासून पक्का केला आणि प्रत्येक कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस भरले. पावसाळ्यात चांदणी चौकाच्या चढावर, मुसळधार पावसात आणि तुंबलेल्या पाण्यात ही गाडी एकदाही मिसिंग करत थांबली नाही, याचे श्रेय मी या कामाला देतो.

एअर फिल्टरचा मूळ डबाही मी काढला नाही. तो काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावला की सीटखालची जागा मोकळी आणि देखणी दिसते, हे खरे आहे. पण मग मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे जेट बदलावे लागतात आणि पावसात मागच्या चाकाने उडवलेले पाणी त्याच फिल्टरवर येते. रोज वापरायच्या गाडीसाठी पुण्याच्या पावसात हा सौदा मला अजिबात पटत नाही. डबा ठेवल्यामुळे कार्ब्युरेटरचे काम स्वच्छता आणि रबरी भागांपुरतेच राहिले. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि ते जुने रबर फुगवते, म्हणून पेट्रोल पाइप, ओ-रिंग आणि फ्लोटच्या वाटीचे गॅस्केट नवे घातले. इथेनॉल पाणीही ओढून घेते, त्यामुळे टाकीतला गंज आधी काढणे आवश्यक होते. टाकीत सुटे नट घालून ती हलवली, दोन रात्री लिंबूसत्वाचे पाणी भरून ठेवले, खाण्याच्या सोड्याने धुतली आणि लगेच कोरडी करून थोडे ऑइल फिरवले. टाकी अर्ध्याहून रिकामी राहू द्यायची नाही, हा नियम तेव्हापासून पाळतो आणि पेट्रोल फिल्टर अजून स्वच्छ आहे.

टायरविषयी माझे मत मिश्र आहे. पुढे 2.75-18 च्या जागी 3.00-18 आणि मागे 100/90-18 च्या जागी 3.50-18 असे दुहेरी वापराचे टायर घातले. मागचा घेर जवळपास तेवढाच राहतो, पण पुढचा साधारण दोन टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकावरून येत असल्याने काटा आता खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी दाखवतो. पानशेतकडच्या उखडलेल्या रस्त्यांवर आणि गावाकडच्या मुरमाच्या वाटांवर हे टायर फार उत्तम चालतात. मात्र ओल्या सिमेंटच्या रस्त्यावर जुन्या टायरइतका भरवसा देत नाहीत, ब्रेक थोडा लवकर लावावा लागतो, आणि साठच्या पुढे त्यांचा गुणगुणाट सतत ऐकू येतो. मागच्या स्प्रॉकेटला दोन दाते वाढवल्याने बोपदेव घाट तिसऱ्यात सुखाने चढतो, पण महामार्गावर सत्तरच्या वर इंजिन ओढून चालवल्यासारखे वाटते. ॲव्हरेज 42 ते 45 मिळते. शहरात राहणाऱ्याला हा बदल मानवेल; ज्याला दर आठवड्याला साताऱ्याला जायचे आहे त्याने मूळ स्प्रॉकेटच ठेवावे.

हँडल रुंद आणि उंच घेताना क्लच व ॲक्सिलरेटरच्या केबली लांब घ्याव्या लागल्या, ब्रेकचा होजही. तपासण्याची सोपी रीत अशी, की गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. इंजिनाचा आवाज जरासाही चढला तर केबल ताणली जात आहे. सीटसाठी खाली कडक आणि वर मऊ असे दोन थरांचे फोम करून घेतले. भोरवरून वरंध घाटापर्यंतच्या फेरीत दीड तासापर्यंत ते छान वाटते, त्यानंतर कडा मांडीला लागू लागतात. मागचा मडगार्ड आणि साडी गार्ड काढावे असे सुचवणारे बरेच भेटले. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून आवरण असणे नियमानेच बंधनकारक आहे, आणि माझी आई नऊवारी नेसून मंडईला याच गाडीवर येते, त्यामुळे ते दोन्ही जागेवर आहेत.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत हँडलचे क्लॅम्प आणि मडगार्डचे बोल्ट व्हायब्रेशनमुळे सैल होत होते. थ्रेड लॉक (आटे घट्ट धरून ठेवणारा द्रव) लावून प्रत्येक महत्त्वाच्या नटावर रंगाची रेघ ओढल्यापासून नुसत्या नजरेने तपासणी होते. एकूण खर्च, गाडीची किंमत सोडून, 50 हजारांच्या आत बसला. त्यातला मोठा भाग सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन-रिंग, टायर, कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग), स्विंगआर्मचे (मागचे चाक धरणाऱ्या भागाचे) बुश आणि ब्रेक यांवर गेला. लोक थांबून पाहतात त्या सीट आणि हँडलचा वाटा त्यात फार थोडा आहे.

नोंदणी 2027 मध्ये पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवायची आहे. त्यासाठी मूळ हँडल, सीट आणि पुढचा मडगार्ड तेल लावून जपून ठेवले आहेत आणि एका सुट्टीच्या सकाळी ते परत चढवता येतात, हे मी करून पाहिले आहे. सध्या राहिलेले एकच मोठे काम पुढच्या शॉकअपचे आहे : आईसह खड्ड्यात गेले की ते तळाला लागतात. त्यांच्यात थोडे दाट फोर्क ऑइल भरून फरक पडतो का ते आधी पाहीन, आणि नाहीच पडला तर पावसाळ्यापूर्वी स्प्रिंग बदलून घेईन.