बाटलीबंद संत्र्याचा रस : बायपासनंतरचा अनुभव

गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून ते थेट लहान आतड्याला जोडण्याच्या) शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात, ‘साखर घातलेली नाही’ या वेष्टनावरील ठळक ओळीवर विसंबून मी हा रस आणला. चव ताजी आहे, कडवटपणा अजिबात नाही आणि केवळ चवीवर गुण द्यायचे असते, तर मी हात आखडता घेतला नसता. मात्र मागच्या बाजूचा बारीक अक्षरांतील तक्ता वाचल्यावर कळते, की २०० मिलिलिटर रसात सुमारे १८ ग्रॅम साखर आहे आणि तंतू जवळजवळ नाहीत. ती फळाचीच असली, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना रसातील साखरेची गणना मुक्त साखरेतच, म्हणजे जी कमी खावी असे त्या सांगतात त्या साखरेतच, करतात.

अर्धा पेला घेतल्यावर वीस मिनिटांत मला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली आणि पोटात मुरडा आला. बायपासनंतर गोड द्रव लहान आतड्यात झपाट्याने उतरतो व तेथे पाणी ओढून घेतो; त्यातून होणारा हा ‘डम्पिंग’चा त्रास सर्वांनाच होतो असे नाही, पण मला तो पुन्हा नको आहे.

आता मी जेवणात आधी प्रथिनांचे पदार्थ घेते आणि मग संत्र्याच्या दोन-तीन फोडी, त्यांवरचा पातळ पापुद्रा व शिरा सोलून, सावकाश चावून खाते. तेवढ्यानेच पोट भरते, जे रसाने कधीच झाले नाही. उत्पादकाने साखरेचा आकडा दर्शनी बाजूला छापावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.