पीयूच्या नावाखाली सीलर: सुटं पॉलिश घेण्याआधी वाचा

सोलापुरात रंगाच्या दुकानातून सुटं पॉलिश नेणारे बरेच आहेत, म्हणून हे लिहितोय. दुकानाचं नाव देत नाही. पद्धत कळली की पुरे, कारण ती एकाच दुकानापुरती असेल असं मला वाटत नाही.

पूर्व भागातल्या एका बंद पडलेल्या हातमागाचं जुनं सागवान मिळालं होतं. त्याचं जेवणाचं टेबल करून घेतलं आणि अक्रोडी स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मी घरीच लावला. सागाच्या रेषा अशा उठल्या की बघत राहावं. आता वर असा पारदर्शक थर हवा होता, जो गरम पातेलं, सांडलेलं पाणी आणि शेंगाचटणीचं तेल सोसेल आणि नवख्या हाताला ब्रशने लावता येईल. दुकानात अगदी हेच सांगितलं.

“मालक, मग पीयू घ्या की ओ. चपडी नको, मेलामाइन नको.” इथपर्यंत दुकानदार खरं तेच बोलला. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, लाकडावर कडक थर देणारं पॉलिश. चपडीचं, म्हणजे लाखेचं, स्पिरिट पॉलिश सुरेख दिसतं, पण गरम भांड्याने पांढरं पडतं. मेलामाइन टिकतं, पण त्याचा वास डोळ्यांत झोंबतो. मग म्हणाला, “यात हार्डनर मिसळायची कटकट नाही, सिंगल पॅक आहे. दहा मिनिटांत वाळतंय.” मोठ्या डब्यातून लिटरभर कोऱ्या डब्यात ओतलं, वर मार्करने ‘पीयू मॅट’ लिहिलं, पातळ करायला एनसी थिनरची बाटली दिली. भाव पीयूचाच. पक्कं बिल मागितलं तर म्हणे, “जीएसटीचे अठरा टक्के वाढतील, बघा.”

ही थाप पचते, कारण एका डब्याचं पीयू खरोखरच मिळतं. पण तेलाच्या जातीचं ते पीयू हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश कडक होतं; हात लावायलाच काही तास जातात. ते पातळ करायला टर्पेंटाइन लागतं. दोन डब्यांच्या पीयूत बेस आणि हार्डनर (थर कडक करणारं रसायन) कंपनीने दिलेल्या मापात मिसळतात, ते मिश्रण काही तासांत वापरून संपवावं लागतं आणि त्याचा थिनरही वेगळा असतो. दहा मिनिटांत वाळणारं आणि एनसी थिनर मागणारं जे असतं, ते नायट्रोसेल्युलोजचं, म्हणजेच एनसी, लॅकर किंवा सँडिंग सीलर (पॉलिशच्या आधी खाली मारायचा थर). त्यातला थिनर उडून जातो आणि मागे पापुद्रा उरतो, बस्स.

लावल्यावर टेबल झकास दिसलं, हे कबूल. पण थोड्याच दिवसांत कपांच्या पांढऱ्या कड्या उठल्या, नख फिरवलं तरी ओरखडा पडू लागला. मग मुलीच्या हातून नेलपॉलिश रिमूव्हर सांडलं आणि तिथला थर चिकट होऊन बोटाला आला.

ओळखीच्या पॉलिश मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी टेबलाच्या खालच्या बाजूला थिनरचा बोळा दाबून धरला, थर विरघळला. दुसरीकडे काचपेपर मारला तर पिठासारखी पांढरी भुकटी पडली. “सीलर आहे ओ हा. छिद्रं भरायला खाली मारतात. वरून पीयू पाहिजेच की.” कडक झालेल्या पीयूवर असा बोळा ठेवला तर ते विरघळत नाही. कुणाकडून काम करून घेतलं असेल तर ही परीक्षा लपलेल्या कोपऱ्यात नक्की करा.

दुकानदाराने हात झटकले. “तुम्ही लावलं चुकीचं, मालक. आमच्याकडचंच कशावरून?” बिल नाही, डब्यावर कंपनी नाही, बॅच नंबर नाही. ती अठरा टक्क्यांची भीती कशासाठी घातली होती, ते तेव्हा उमगलं. बिल हातात असतं तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करता आला असता, जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणात तिथे दाखल करायची फीसुद्धा लागत नाही.

सीलर थिनरने पुसून निघाला, पण सोबत स्टेनही गेला. पुन्हा स्टेन लावून तो पुरता वाळू दिला. या वेळी दुसऱ्या दुकानातून कंपनीचं सील असलेला, छापील किंमत आणि उत्पादनाचा महिना असलेला एका डब्याच्या पीयूचा डबा आणला, बिलासकट. नवख्याला हाच सोपा, फक्त धीर हवा. टर्पेंटाइनने थोडं पातळ करून सुती कापडाने हलके हात, म्हणजे पातळ थर, दिले. पहिल्या हातानंतर काचपेपर मारला नाही, कारण स्टेन उघडा पडतो; पुढच्या हातांमध्ये चारशे नंबरचा, तोही अलगद. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी हे काम नकोच, वरची साय आधी धरते आणि आत बुडबुडे अडकतात. मी सकाळी लवकर उरकत होतो. आणि पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि त्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.