फाईल समोर दिसतेय तरी फॉल्स: ओएस डॉट पाथ की पाथलिब?

पायथनमध्ये फाईल आहे का बघायला ओएस डॉट पाथचं एक्झिस्ट्स वापरू की पाथलिबचं (दोन्ही पायथनसोबतच येणारी मॉड्यूल्स), असं मैत्रिणीने विचारलं, तिला फाईल डोळ्यासमोर दिसत होती आणि उत्तर येत होतं फॉल्स, म्हणजे फाईल नाही. पण पाथच, म्हणजे फाईलचा पत्ताच चुकला असेल तर दोन्ही सारखंच फॉल्स देतात गं. तिने पाथ टेक्स्ट फाईलमधून वाचला होता, रेपर (repr, न दिसणारी अक्षरंही दाखवणारं फंक्शन) लावून प्रिंट केला तर शेवटी बॅकस्लॅश एन, म्हणजे नव्या ओळीची खूण चिकटलेली, स्ट्रिप करून ती काढली आणि ट्रू आलं. टिल्डही (~, होम फोल्डरची खूण) दोन्ही आपणहून उलगडत नाहीत, एक्सपँडयूजर लावावंच लागतं.

खरा फरक परमिशनचा. फोल्डरमध्ये शिरायची परवानगी नसेल तर ओएस डॉट पाथ गुपचूप फॉल्स म्हणतं आणि आपण तासभर स्पेलिंग तपासत बसतो. पायथन 3.13 पर्यंत पाथलिब तिथे परमिशनएरर द्यायचं, मला तेच बरं वाटायचं, 3.14 पासून तेही फॉल्सच देतं, मग सरळ स्टॅट (फाईलची माहिती मागणारं फंक्शन) कॉल करून बघा, एररमध्ये कारण दिसतं.

वाचायला पाथलिब सोपं, स्लॅश टाकून पाथ जोडता येतो. जुना कोड असेल, सगळीकडे स्ट्रिंगच असतील तर ओएस डॉट पाथ राहू द्या, नवीन स्क्रिप्टमध्ये पाथचे तुकडे सारखे जोडायचे-तोडायचे असतील तर पाथलिब घ्या.