पडद्यामागचं पाणी: अँटिबायोटिक की थोडं थांबणं?

ताप आहे, कान ठणकतोय, पडदा लाल दिसतोय, तर तो प्रश्नच वेगळा. तिथे डॉक्टर सांगतील ते औषध मुकाट्याने द्यावं. मी बोलतोय ते सर्दी ओसरल्यावर कानाच्या पडद्यामागे साचून राहणाऱ्या पाण्याबद्दल. मूल दुखतंय म्हणत नाही. टीव्हीचा आवाज मात्र वाढवतं आणि हाक मारली की ढिम्म.

इंदूरच्या पावसाळ्यात आमच्या धाकट्याला हे झालं तेव्हा अँटिबायोटिक दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा झालं, तेव्हा थांबलो.

औषधाच्या बाजूने बोलायचं तर ते अगदीच निरुपयोगी नाही. दोन-तीन महिन्यांत पाणी आटण्याची शक्यता त्याने थोडी वाढते, असं अभ्यास सांगतात. पण ऐकू येण्यात ठोस फरक पडल्याचा पुरावा नाही, आणि आपली काळजी तर तीच असते.

माझ्यापुरता निकाल लावला तो जुलाबांनी. अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकसोबत क्लाव्ह्युलॅनेट असलं की पोट बिघडणं नेहमीचंच, हे मला डॉक्टरांनी आधी सांगितलंही होतं. पण शाळेच्या व्हॅनमध्ये चड्डी खराब झालेलं पोर दुसऱ्या दिवशी शाळेचं नावही काढू देत नाही, तेव्हा ते खरं कळतं. दह्या-भातावर दिवस काढले, ढुंगण लाल झालं, बाटली दिसली की तोंड घट्ट मिटलेलं. आणि इतकं करून टिंपॅनोग्रामची, म्हणजे पडदा हलतो का ते पाहणाऱ्या तपासणीची, रेघ सपाटच; पाणी तिथेच.

थांबण्यातही कटकट आहेच. हातात करायला काही नसतं, त्यामुळे घरातला प्रत्येक जण वैद्य होतो. आजींनी लसणाचं तेल गरम करायला घेतलं होतं. पडदा शाबूत असताना ते मागच्या पाण्यापर्यंत पोचणार कसं? आम्ही एवढंच केलं, बाईंना सांगून त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि समोर जाऊन बोलायची सवय लावून घेतली. पाणी आपसूक गेलं. औषधाशिवायच जायचं होतं की काय, कोण जाणे.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनाही या पाण्यासाठी अँटिबायोटिक नको म्हणतात. स्टेरॉइड आणि सर्दीची औषधंही नकोत. तीन महिने नजर ठेवायची, तरीही पाणी राहिलं तर श्रवणचाचणी. त्यात कमी ऐकू येतंय असं दिसलं, तर ग्रोमेटचा, म्हणजे पडद्यात बसवायच्या बारीक नळीचा, विचार. मात्र मूल उशिरा बोलतंय, टाळू दुभंगलेली आहे किंवा डाउन सिंड्रोम आहे, तर तीन महिन्यांचा हिशोब धरू नका, लगेच तज्ज्ञांना दाखवा.

बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, चिठ्ठी घेण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारावं: हे नुसतं पाणी आहे, की संसर्ग?