परभणीतला रविवारचा स्वनविज्ञान वर्ग: माझा अनुभव

मी सेलू तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. परभणीत वसमत रोडला एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक शिक्षकांसाठी स्वनविज्ञानाचा, म्हणजे बोलण्यातले आवाज तोंडात कसे तयार होतात याचा, हा वर्ग घेतात. सहा रविवार, सकाळी १० ते १, फी ६०० रुपये. सेलूहून रेल्वेनं जाऊन दुपारी परत येता येतं. जावं का, असं विचारणाऱ्या मैत्रिणींना माझं उत्तर आहे: नक्की जा.

माझं दुखणं एकच होतं. आमची पोरं 'पानी', 'लोनी' म्हणतात. 'कोण' आणि 'कोन' त्यांच्या तोंडी एकच. बारा वर्षं मी "पानी नाही, पाणी म्हण" एवढंच सांगत आले. पोरं खाली मान घालून पुन्हा 'पानी'च म्हणायची, आणि काहींनी तर वर्गात तोंड उघडणंच सोडलं. त्याची रुखरुख मला अजून आहे.

पहिल्याच रविवारी सरांनी सगळ्यांना नाक दाबायला लावलं. "आता 'मामा' म्हणा." खोलीभर 'बाबा' ऐकू आलं! म आणि ब दोन्ही ओष्ठ्य (ओठ मिटून होणारे), दोन्ही घोष (गळ्यात थरथर होणारे). फरक फक्त नाकातून जाणाऱ्या हवेचा. अनुनासिक हा शब्द मी डी.एड.ला पाठ केला होता, कळला त्या दिवशी. घोष-अघोषही तसंच. गळ्यावर बोटं ठेवून 'म्म्म' लांबवलं की थरथर लागते, 'स्स्स'ला लागत नाही. महाप्राणासाठी, म्हणजे हवेचा जोरदार झोत सुटणाऱ्या वर्णांसाठी, तोंडासमोर कागदाची पट्टी धरली. थ म्हटलं की ती हलते, त म्हटलं की जवळजवळ जागेवरच. प-फ का नाही घेतलं, तर आपल्यातले बरेच जण 'फळ' म्हणताना ओठ पूर्ण मिटतच नाहीत. तिथं फ स्पर्श (हवा पूर्ण अडवून सोडलेला) न राहता संघर्षी (हवा घासत जाणारा) होतो. शेजारच्या उर्दू शाळेच्या बाईंनी 'ख़बर' म्हणून दाखवलं तेव्हा स्पर्श ख आणि संघर्षी ख़ यांतलं अंतर कानाला स्वच्छ कळलं. दखनीत, म्हणजे दख्खनच्या उर्दू बोलीत, 'क़लम'चं 'ख़लम' होतं, हेही त्यांनीच सांगितलं.

पण माझे पैसे वसूल झाले ते तिसऱ्या रविवारी. मी न-ण चा प्रश्न काढला. सर म्हणाले, "बाई, तुमची पोरं 'घंटा' म्हणतात ना? 'अंडं' म्हणतात ना? मग ण त्यांच्या जिभेवर आहेच." ट-ड च्या आधी जीभ आपोआप मागे वळते आणि तिथं ण च उमटतो. म्हणजे त्यांच्या बोलीत ण हे न चं स्वनांतर (त्याच आवाजाचं जागेनुसार बदललेलं रूप) आहे, वेगळा स्वनिम (अर्थ बदलणारा स्वतंत्र आवाज) नाही. प्रमाण मराठीत मात्र 'मन' आणि 'मण', 'कोन' आणि 'कोण' यांचे अर्थ वेगळे, म्हणून तिथं दोन स्वनिम. पोराची जीभ जड नाही, त्याच्या घरच्या भाषेची मांडणी वेगळी आहे. हे मला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी एका मुलाला जवळ बसवलं, हातात आरसा दिला. "घंटा म्हण. आता हळू म्हण. आता टा म्हणायच्या आधी थांब." तो 'घण्' वर थांबला. जिभेचं टोक वर वळून टाळूला टेकलेलं त्यानं आरशात स्वतः पाहिलं. "तिथंच जीभ ठेव आणि पुढं ई लाव." 'णी' आलं. मग 'पाणी'. मधल्या सुट्टीत तो नळावर 'पानी'च म्हणाला, आणि मी त्याला टोकलं नाही.

उणिवाही सांगते. मुखविवराच्या आकृतीची झेरॉक्स इतकी काळपट आहे की मृदुतालू (टाळूचा मागचा मऊ भाग) कुठं संपतो तेच दिसत नाही. स्वर शेवटच्या रविवारी तासाभरात उरकले. जीभ पुढं की मागं (अग्र-पश्च), वर की खाली (उच्च-निम्न), ओठ गोल की नाही (वर्तुळित) हे सगळं एका दमात, त्याला आणखी एक दिवस हवाच होता. 'चार' मधला तालव्य च (जीभ टाळूला लागून होणारा) आणि 'चारा' (गुरांचा) मधला दंततालव्य च (जीभ दातांमागं लागून, 'त्स' सारखा) मात्र छान समजावला. लिपीत दोघांना एकच अक्षर असल्यानं आपलं तिकडं लक्षच जात नाही.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. मागच्या बाकावर आवाज पोचत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढं बसा आणि छोटा आरसा घरूनच न्या.