फालुनची खाण : जमिनीखालची फेरी

स्वीडनमधील फालुन येथील तांब्याची खाण १९९२ साली बंद झाली. आज मार्गदर्शकासोबत तिच्या पोटात उतरता येते, आणि खडकांविषयी आस्था असणाऱ्याने ही फेरी चुकवू नये असे माझे प्रामाणिक मत आहे. सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींच्या प्रदेशात साठलेल्या गंधकयुक्त खनिजांत येथे तांबे मिळाले, तर सोने पुढे क्वार्ट्झच्या शिरांमधून काढले गेले. वर येऊन 'स्टोरा स्टोटेन' या प्रचंड खड्ड्याच्या काठावर जरूर थांबावे : १६८७ साली शतकानुशतके बेहिशेबी पोखरलेला डोंगर येथेच खचला, पण मिडसमरच्या सणाची सुट्टी असल्याने जीवितहानी टळली. मला सर्वांत भिडली ती फेट-माट्सची हकिकत. १६७७ साली बेपत्ता झालेल्या या कामगाराचा देह १७१९ मध्ये सापडला तेव्हा खाणीतील सल्फेटयुक्त पाण्यामुळे तो इतका अविकृत होता की, वृद्ध झालेल्या त्याच्या वाग्दत्त वधूने त्याला ओळखले. आत तापमान जेमतेम पाच-सहा अंश असते, त्यामुळे उन्हाळ्यातही लोकरी कपडे आणि चांगली पादत्राणे हवीतच.